तेल उतरतच नव्हतं

निवृत्त झाल्यावर कुणी बागेत रमतो, कुणी भजनी मंडळात जातो. आमच्या ह्यांनी बोटीचं इंजिन घेतलं. बोट नव्हती. बोट चालेल असं पाणीही देवासच्या जवळपास नव्हतं. कुठलासा बोटिंग क्लब बंद पडला होता, त्याच्या लिलावात ते मिळालं म्हणून घेतलं. दोन महिने ते आमच्या मागच्या व्हरांड्यात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, माझी जुनी सुती साडी पांघरून उभं होतं. मोलकरीण त्याला 'साहेबांचे पाव्हणे' म्हणायची.

हे कारखान्यात मेंटेनन्सला होते असं आम्ही सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही. फक्त ह्यांचं काम चेकलिस्ट तयार करण्याचं होतं. कुठलं मशीन कधी बघायचं, तेलाची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का, असेल तर बरोबरची खूण, नसेल तर लाल शेरा. चौतीस वर्षं ह्यांनी खुणा केल्या. ह्यांच्या हाताला कधी ग्रीस लागलं असेल तर ते माझ्या शिवणयंत्राचं, आणि तेव्हाही यंत्र नंतर मीच दुरुस्त केलं.

पाणी शेवटी माझ्या माहेरच्या बाजूला सापडलं. मी धारची. आमच्याकडे दोन पिढ्या संस्थानच्या नोकरीत गेल्या आणि पुढच्या पिढ्या त्याबद्दल बोलण्यात. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अजून धारलाच असतो. त्याच्या ओळखीचा एक नावाडी डही गावाच्या पलीकडे, नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर, नाव चालवायचा. या काठची माणसं त्या काठाला नेणं, सोमवारी कुक्षीच्या बाजाराला येणाऱ्यांना आणणं, जमलं तर मासे. त्यावर घरातली चार माणसं जगत होती. त्याच्या नावेला एक जुनं डिझेल इंजिन होतं. ते खोकायचं, थुंकायचं, पण चालायचं.

ह्यांनी त्याला सांगितलं, "ये हटा दो भैया. हमारा इंजिन लगाओ. रविवार को हम आएँगे, थोडा घूमेंगे. बाकी दिन तुम्हारा."

नावाड्याने आपल्या नावेकडे बघितलं. त्याची बायको चुलीपाशी पानांत गुंडाळून मक्याचे पानिये भाजत होती, तिने एकदा वर बघितलं. दादाने मध्यस्थी केली, मीही 'अच्छा मौका है' असं काहीतरी म्हटलं, आणि पंधरा दिवसांत त्याचं डिझेल इंजिन बदनावरकडच्या एका शेतकऱ्याने पंपाला लावायला नेलं. म्हणजे आता त्याचं पोट आमच्या इंजिनावर होतं. हे तेव्हाच मला स्पष्ट कळलं होतं. न कळल्याचं ढोंग मी करणार नाही.

आता त्या इंजिनाचं थोडं सांगायला हवं, कारण चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ते टू-स्ट्रोक होतं. अशा इंजिनाला पेट्रोलबरोबर तेलही लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासून अडकतो. ते तेल द्यायचे दोन मार्ग. एक म्हणजे पेट्रोलमध्ये हातानेच तेल मिसळायचं, आपण जुन्या स्कूटरला करायचो तसं. दुसरा म्हणजे तेलाची वेगळी टाकी आणि छोटासा पंप. इंजिन हळू चालत असेल तर पंप थोडं तेल देतो, जोरात असेल तर जास्त. आमच्या इंजिनाला वेगळी टाकी होती. त्यामुळे ह्यांच्या मते ते सुसंस्कृत इंजिन होतं.

"हाताने तेल मिसळणं म्हणजे अडाणीपणा आहे, दादा," हे म्हणायचे. "अंदाजपंचे ओतायचं, मग धूर, मग प्लग काळा. इथे पंप स्वतः ठरवतो. माणसाचा संबंधच नाही."

"जावईबापू, आपण म्हणता ते खरे असेल," दादा आमच्या घराण्याच्या जुन्या, इस्त्री केलेल्या मराठीत म्हणायचा, "पण पेट्रोलात तेल मिसळलेले असले म्हणजे जोवर पेट्रोल आहे तोवर तेल आहेच. आपल्या पंपास कुणी विचारावे, की बाबा, तू जागा आहेस ना?"

दादाकडे अजून ती जुनी स्कूटर आहे. पेट्रोल भरलं की तो बाटलीच्या बुचाने तेल मोजून ओततो, मग दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर डावी-उजवीकडे हलवतो. सत्तरीचा माणूस पेट्रोल पंपावर कंबर हलवत उभा असतो आणि मागे रांग लागलेली असते. मागून कुणीतरी ओरडतं, "भिया, नाच हो गया हो तो आगे लो!" दादा वळूनसुद्धा बघत नाही.

मुद्दा दादाचा बरोबर होता, हे मला आज पटतं. पण तो अशा थाटात सांगायचा की केवळ त्याला विरोध करायला मी नवऱ्याच्या बाजूला गेले. तीस वर्षांच्या संसारात असं फार कमी वेळा झालं असेल.

पहिल्या दिवशी नावाड्याने विचारलंच. त्याने झाकण काढलं, वाकून आत बघितलं, एक नळी बोटाने धरून कुठे जाते ते तपासायला लागला आणि म्हणाला, "साब, ये नली तो..."

"पहले पूरी बात सुनो," हे म्हणाले. आणि त्यांनी त्याला पूर्ण बात सांगितली. पंप, टाकी, पातळी, दोन रेघा, धूर, प्लग. तोवर सूर्य खाली गेला. नावाड्याने "हओ साब" म्हटलं आणि झाकण लावलं.

मग नोंदवही आली. अक्षर माझं चांगलं म्हणून ती माझ्याकडे. दर रविवारी आम्ही पहाटे देवासहून निघायचो, धारला दादाला उचलायचो, पोहे खायचो, आणि उन्हं चढायच्या आत पाण्यावर. मी नावेत बसून वही उघडायची. हे टाकीवर वाकून बघायचे आणि न्यायालयात निकाल देतात तशा आवाजात म्हणायचे, "पातळी, वरच्या रेघेवर." मी लिहायची. पुढच्या रविवारी पुन्हा, "पातळी, वरच्या रेघेवर." आठवडाभर नाव चाललेली असायची, दिवसाला आठ-दहा फेऱ्या, आणि पातळी वरच्याच रेघेवर.

ह्यांचा हर्ष पोटात मावेना. "याला म्हणतात किफायत! नाममात्र तेल घेतं. हाताने मिसळलं असतं तर डबेच्या डबे लागले असते."

"काही न खाता जगणारे साधू मी ऐकले आहेत, इंजिन प्रथमच पाहतो," दादा म्हणाला. पण तेवढंच. त्याला जिंकायचं होतं, तपासायचं नव्हतं.

आणि मी? मी सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. टाकीला तोटी लावली तर किती वेळात किती रिकामी होईल ही उदाहरणं मी शेकडो पोरांकडून सोडवून घेतली, चुकली तर दहा-दहा वेळा लिहायला लावली. माझ्या हातात असलेल्या वहीत चार महिने एकच उत्तर येत होतं आणि मला त्यात फक्त माझं अक्षर सुबक दिसत होतं. मला स्वतःचा खरोखर राग येतो.

एका रविवारी आम्ही नेहमीपेक्षा तासभर आधी पोचलो. हे आणि दादा गाडीतून सामान काढत होते, मी पुढे काठावर उतरले. नावाडी पाठमोरा उकिडवा बसला होता. समोर पेट्रोलचा कॅन, त्यात नरसाळं, आणि हातात तेलाची बाटली. त्याने अंदाजाने ओतलं, झाकण लावलं, आणि कॅन उचलून खळखळ हलवला. अगदी सवयीने, रोजचं काम करावं तसं.

परीक्षेत चिठ्ठीसकट पोरगा सापडला की मला जो आनंद व्हायचा तोच झाला. त्याच्याशी एक शब्द न बोलता मी मागे फिरले आणि ह्यांना सांगितलं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला उलगडा झाला असता. टाकीतलं तेल उतरत नाही, हा पेट्रोलमध्ये तेल घालतो, इंजिन छान चालतं. दोन अधिक दोन. पण ह्यांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाले, "तरीच पातळी उतरत नव्हती! हा बाहेरून तेल देतोय, म्हणून पंप आपलं तेल राखून ठेवतोय. सिस्टीम हुशार आहे. यानेच गोंधळ घातला."

पंपाला असं काही कळत नसतं. तो काही घरची सून नव्हे, सासूने वाढलंय की नाही बघून वाढायला. पण आम्ही दोघा भावंडांनी माना डोलावल्या. दादाला तर नावाडी आपल्या पक्षाचा निघाला याचं समाधान व्हायला हवं होतं. पण आपलं न ऐकता, आपल्याला न विचारता एका नावाड्याने तेच केलं हे त्याला रुचलं नाही.

नावाड्याला बोलावलं. हे चढ्या आवाजात म्हणाले, "किसने बोला था तेल मिलाने को? प्लग खराब होगा, पूरा इंजिन खराब होगा! अब से एक बूँद नहीं. लिखके दो."

"लिखना नी आता साब," तो म्हणाला.

तेव्हा मी पुढे झाले. आम्ही इथलेच ना, आम्हाला इथल्या माणसांचं सगळं कळतं! इकडे निमाडात नर्मदेचं पाणी हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. मी म्हटलं, "लिखने की क्या जरूरत है? मैया का जल हाथ में ले और बोल दे."

"योग्य," दादा म्हणाला. "आजोबांच्या कचेरीत साक्षी अशाच होत. स्टँपपेपरपेक्षा हे पक्के."

नावाड्याने माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे. ती काठावर घागर घेऊन उभी होती. तो गुडघाभर पाण्यात गेला, ओंजळ भरली आणि म्हणाला, "नर्मदा मैया की सौगंध, अब पेट्रोल में तेल नी मिलाऊँगा." ओंजळ सोडली आणि हात धोतराला पुसत बाहेर आला.

मला फार हुशार वाटलं. काम झालं, आवाज चढला नाही, कागद लागला नाही.

मिसळलेलं पेट्रोल आता अपवित्र ठरलं. ते दादाने घरच्या स्कूटरसाठी मागून घेतलं. पुढे महिनाभर त्याची स्कूटर काय सुरेख चालली, ते त्याने फोन करकरून सांगितलं. नावेच्या कॅनमध्ये आम्ही येताना कुक्षीहून आणलेलं कोरं, स्वच्छ पेट्रोल भरलं. ह्यांनी पातळी बघितली. मी लिहिली. आम्ही तिघं बसलो आणि नावाड्याने दोरी ओढली.

"बघ, बघ!" मधल्या धारेला लागल्यावर हे म्हणाले. "धूर आहे का? नावालासुद्धा नाही. आता कसं स्वच्छ चालतंय. फुल्ल दे, फुल्ल!"

नावाड्याने एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि फुल्ल दिलं. धूर खरंच नव्हता. तेलच नव्हतं तर धूर कशाचा येणार? थोड्या वेळाने आवाज बदलला. इंजिन घशातून ओरडल्यासारखं करायला लागलं, गती पडली, मग करकचून एक किंकाळी आली आणि सगळं थांबलं. नावाड्याने दोरी ओढून बघितली. दोरी हललीसुद्धा नाही.

इतकी शांतता मी त्या पाण्यावर पूर्वी ऐकली नव्हती. नावाड्याने वल्हं काढलं. वारा समोरून होता. चार महिन्यांपूर्वी डिझेल इंजिन गेल्यापासून त्याने वल्हं एवढं मारलं नसेल. काठ यायला दोन तास लागले. हे सगळा वेळ बोलत होते. पेट्रोलमध्ये भेसळ असेल, प्लग आधीच्या तेलाने खराब असेल. शेवटी मीच म्हटलं, "अहो, आता पुरे."

कुक्षीच्या मेकॅनिकने झाकण काढलं, चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने नळी वर उचलली. नळीच्या टोकाला स्क्रू खुपसून ती बंद केलेली होती. तिच्याखाली जिथे पंप असायला हवा तिथे पत्र्याची चकती बसवलेली. तेल संपलं की वाजणाऱ्या भोंग्याची वायरही कापलेली.

"साब, इसमें तो पंप ही नी है," तो म्हणाला. "क्लबवालों ने कभी का निकाल दिया होगा. बिगड़ते हैं ये. टंकी रहने दी, शोभा की."

म्हणजे चार महिने आम्ही शोभेच्या टाकीची पातळी मोजत होतो. इंजिन चाललं ते नावाड्याने स्वतःच्या खिशातून आणून मिसळलेल्या तेलावर.

परतताना ह्यांनी गाडी सुरू करायच्या आधी एका कागदावर अहवाल लिहायला घेतला. सवय. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'चालकाने माहिती दिली नाही.' दादाला उतरवून गाडी वळली तेव्हा मी तो कागद घेतला आणि खिडकीतून टाकला. रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल मी आयुष्यभर पोरांना ओरडले आहे.

इंजिन नीट व्हायला सव्वा महिना लागला. नवा पिस्टन, सिलिंडर घासणं, सगळं. ह्यांचा आग्रह होता की नवा पंपही बसवून मूळची सिस्टीम पूर्ववत करावी. मी म्हटलं, पंप बसवलात तर मी त्या गाडीत बसणार नाही आणि घरातही तुमच्याशी बोलणार नाही. ह्यांनी दुसऱ्या धमकीचा नाही, पहिलीचा विचार केला असावा, कारण रस्ता मलाच माहीत होता. टाकी काढून टाकली. आता इंजिन उघडउघड हाताने तेल मिसळायचं झालं.

त्या सव्वा महिन्यात नावाडी वल्ह्यावर होता. दहा फेऱ्यांच्या जागी तीन. बाजाराची माणसं खालच्या अंगाच्या एका मोटारनावेकडे वळली होती. डिझेल इंजिन परत मिळतं का ते विचारलं, तर शेतकऱ्याने ते विहिरीवर पक्कं बसवून टाकलं होतं.

आम्ही इंजिन घेऊन गेलो. ते नावेला बसवलं. मी वाटेतच ठरवलेलं बोलले. इंजिन आता तुझं, आमचा त्यावर काही हक्क नाही, आणि हे तेल, एक लिटर पेट्रोलला इतकं. बाटली त्याच्यापुढे धरली.

त्याने हात पुढे केला नाही.

"सौगंध ली है मैडम."

"अरे, वो तो हमने गलत दिलवाई थी. मैं वापस लेती हूँ."

"आपने दी नी थी तो आप लेंगे कैसे? मैया की थी." तो अगदी साधेपणाने सांगत होता. चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

"फिर उस दिन चलाया क्यों? तुझे तो पता था नली बंद है."

"पहले दिन से पता था. बोला तो साब ने पूरी बात सुनाई." त्याने इंजिनावर हात ठेवला. "चार महीने चुपचाप मिलाया कि इंजन बचा रहे. फिर आपने मैया को बीच में ला दिया. फिर मेरे हाथ में कुछ रहा नी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ठीक है. तेल मैं मिलाऊँगी. हर रविवार आके हफ्ते भर का मिला दूँगी."

तो हसला. मला लाज वाटेल असं हसला. "आप देवास से आओगे तब मेरी नाव चलेगी?"

हे शेजारी उभे होते. दादा पाण्याकडे बघत होता. काठावर त्या पार जाणारी सात-आठ माणसं जमली होती, दोन बकऱ्या, एक सायकल. मोटारनाव त्या दिवशी आली नव्हती म्हणून ती इकडे आली होती, आणि फार वेळ थांबणार नव्हती.

तेव्हा त्याची बायको चुलीपासून उठली. पदराला हात पुसत आली आणि माझ्या हातातली बाटली काढून घेतली. लिटरला किती, काही विचारलं नाही. नरसाळ्यातून ओतली, कॅनचं झाकण लावलं, आणि दोन्ही हातांनी उचलून खळखळ हलवला.

"सौगंध इनने ली थी," ती मला म्हणाली. "मैंने नी."

ह्यांनी तोंड उघडलं. मापाबद्दलच असणार. मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

कॅन जोडला. नावाड्याने दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं, आणि निळसर धुराचा एक लोट आमच्या तिघांच्या तोंडावर आला. माणसं चढली, बकऱ्या चढवल्या, सायकल आडवी ठेवली. नावाड्याची बायको पुढे कॅनपाशी बसली. रविवार होता. मागच्या फळीवरची, आम्ही तिघं बसायचो ती जागा अजून रिकामी होती. मी चप्पल हातात घेऊन एक पाय पाण्यात टाकलाही होता.

तिने माझ्याकडे बघितलं, मग काठावर मागे राहिलेल्या एका म्हातारीला हाक मारली, आणि ती म्हातारी येऊन त्या जागेवर बसली.